जनेल मोने: गाणं, नाच, अभिनय आणि स्वतःच्या मालकीची जागा

खमाज

'मूनलाइट' सिनेमाच्या धाग्यावर अमेरिकन कलाकार जनेल मोने यांचं नाव काही जणांनी घेतलं आणि दर वेळी ओळख तीच: "ती गायिका, सिनेमातही काम करते." मला हे वर्णन फार अपुरं वाटतं, म्हणून वेगळा धागा काढतेय. गाणं, नाच, अभिनय, लेखन अशी यादी केली की चार वेगळ्या नोकऱ्या केल्यासारखं वाटतं. त्यांचं काम बरीच वर्षं ऐकत-बघत आल्यावर माझं मत असं झालंय की हे सगळं एकच काम आहे. ते जमलं, कारण प्रसिद्धी मिळण्याआधीच त्यांनी आपली माणसं आणि आपली जागा उभी केली होती. क्विअर (लैंगिकतेच्या रूढ चौकटीबाहेरचं) असल्याचं, नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारं) असल्याचं चारचौघांत सांगणं त्यानंतर आलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

जनेल इंग्रजीत स्वतःसाठी 'शी' आणि 'दे' दोन्ही चालतं म्हणतात. मी 'त्या' लिहिणार आहे.

जन्म १ डिसेंबर १९८५, कॅन्सस राज्यातली कॅन्सस सिटी. आई सफाई कामगार, वडील कचऱ्याची गाडी चालवायचे, सावत्र वडील पोस्टात. घर बाप्टिस्ट, दर रविवारी चर्च. पुढे अनेक वर्षं जनेल फक्त काळ्या-पांढऱ्या कपड्यांत दिसल्या, बहुतेक वेळा टक्सेडोत (पुरुषांच्या औपचारिक कोट-विजारीत). त्याचं कारण त्यांनी स्वतः सांगितलंय: घरातली सगळी माणसं गणवेश घालून कामाला जायची, तेव्हा आपणही गणवेशच घालायचा, आईवडिलांच्या कष्टांना मान म्हणून. लोकांनी त्याला फॅशन म्हटलं. त्यात स्त्रीचे कपडे की पुरुषाचे, हा प्रश्नही सुटून गेला होता, हे बऱ्याच जणांच्या नंतर लक्षात आलं.

न्यूयॉर्कला अमेरिकन म्युझिकल अँड ड्रामॅटिक अकॅडमीत त्या संगीत नाटकाचं शिक्षण घ्यायला गेल्या. ब्रॉडवेच्या वाटेनं गेलो तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या भूमिकांत आपल्याला बसावं लागेल, असं वाटून त्या बाहेर पडल्या आणि अटलांटाला आल्या. तिथे कॉलेजच्या वसतिगृहांत गाणं, स्वतः तयार केलेल्या सीड्या हातोहात विकणं आणि पोटासाठी ऑफिसचं सामान विकणाऱ्या दुकानात नोकरी. दुकानाच्या कॉम्प्युटरवरून चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं दिली म्हणून ती नोकरी गेली. याच काळात आउटकास्ट या हिप-हॉप जोडीतल्या बिग बॉय यांनी त्यांना ऐकलं आणि २००६ च्या 'आयडलवाइल्ड' अल्बममध्ये त्यांचा आवाज आला.

इथे बहुतेक लेखांत "मग नशीब उघडलं" असं येतं. मला मात्र यापेक्षा मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. नेट वंडर आणि चक लाइटनिंग या दोन साथीदारांबरोबर त्यांनी वंडरलँड नावाचा कलाकारांचा संच उभा केला (स्पेलिंग त्यांचं स्वतःचं, उच्चार 'वॉन्डालँड'च्या जवळ जाणारा). गाणी तिथेच लिहायची, तिथेच ध्वनिमुद्रित करायची, व्हिडिओची गोष्टही तिथेच रचायची. २००७ मध्ये 'मेट्रोपोलिस' हा छोटा अल्बम आला, तो याच संचाचा. २००८ मध्ये बॅड बॉय या मोठ्या लेबलनं (संगीत कंपनीनं) करार केला तेव्हा कथा, पात्र, पोशाख, वादक सगळं आधीच ठरलेलं होतं.

ते पात्र म्हणजे सिंडी मेवेदर. साल २७१९. सिंडी ही अँड्रॉइड (माणसासारखी दिसणारी यंत्रमानव), क्रमांक ५७८२१, अँथनी ग्रीनडाउन नावाच्या माणसाच्या प्रेमात पडते. हा गुन्हा असल्यामुळे तिचे सुटे भाग करून टाकण्याचा हुकूम निघतो. फ्रिट्झ लांगच्या १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटाची सावली या सगळ्यावर आहे. 'मेट्रोपोलिस', 'द आर्चअँड्रॉइड' (२०१०) आणि 'द इलेक्ट्रिक लेडी' (२०१३) या तिन्हींमध्ये ही एकच गोष्ट पुढे सरकते. त्या वर्षांत मुलाखतकार विचारायचे, तुम्हाला पुरुष आवडतात की स्त्रिया? उत्तर ठरलेलं: मी फक्त अँड्रॉइडांबरोबर फिरते.

ते उत्तर ऐकून लोक हसायचे. मला ते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत धीट वाक्य वाटतं. जिच्या प्रेमाला कायद्यानं बंदी आहे अशा जिवाची गोष्ट त्या तीन अल्बम सांगत होत्या आणि प्रश्न आला की त्याच गोष्टीकडे बोट दाखवत होत्या.

नाच आणि सिनेमाबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणणारे इथे आहेत. त्यांनी लिहावं.

पदन्यास

खमाज, धागा काढलास ते फार बरं केलंस. नाचाबद्दल मी लिहिते. मी कथक शिकवते, त्यामुळे माझी नजर आधी पायांकडे जाते.

'टाइटरोप'चा व्हिडिओ (२०१०) आवाज बंद करून बघा. खांदे आणि मान जवळपास स्थिर, चेहरा प्रसन्न, आणि खाली टाचा-चवडे अशा वेगानं फिरतात की जमिनीला चाकं लावल्यासारखं वाटतं. गाण्यात जे सांगितलंय, की वर जाताना हुरळू नका, खाली येताना खचू नका, दोरीवर तोल धरा, ते पायांनी करून दाखवलंय. हे घराणं सोल-फंक गायक जेम्स ब्राउन यांचं. त्यांच्या कार्यक्रमात शेवटी ते थकून गुडघ्यावर बसायचे, कुणीतरी येऊन खांद्यावर झूल टाकायचं, आणि ते ती झटकून पुन्हा माइककडे धावायचे. जनेल रंगमंचावर तो झुलीचा प्रसंग पूर्ण श्रद्धेनं करतात. ज्येष्ठ कलाकाराची बंदिश आपण मान देऊन गातो, तसं.

टक्सेडोचा एक तांत्रिक फायदाही सांगते. काळी, आखूड विजार, पायात काळे-पांढरे बूट, त्यामुळे पावलाची प्रत्येक हालचाल लांबूनही वाचता येते. शरीराची वळणं दाखवायची नाहीत, पावलं दाखवायची, हा निर्णय आहे. पॉप संगीतात बायकांच्या नाचाकडून कंबर आणि छातीची अपेक्षा असते. त्या अपेक्षेला त्यांनी २०१० मध्येच रजा दिली होती.

व्हिडिओची गोष्ट अशी: एक वेड्यांचं इस्पितळ, जिथे नाचायला बंदी आहे, कारण नाचानं रुग्ण बिघडतात. जनेल खोलीतून बाहेर पडतात, सगळ्यांना नाचायला लावतात. मग झगे घातलेल्या, चेहऱ्याच्या जागी आरसा असलेल्या आकृत्या येतात आणि त्यांना परत खोलीत धाडतात. त्या आरशाच्या चेहऱ्यांचं मूळ माया डेरेन यांच्या १९४३ च्या प्रयोगशील लघुपटात आहे. माया डेरेन स्वतः नृत्याशी जवळून बांधलेल्या होत्या, त्यामुळे ही आठवण उगाच आलेली नाही. "तुझ्या शरीराची ही हालचाल म्हणजे आजार आहे" असं क्विअर माणसांना किती काळ सांगितलं गेलं, ते आठवून तो व्हिडिओ पुन्हा बघा.

अटलांटाकर

+१. स्थानिक संदर्भ जोडतो. अटलांटाच्या पश्चिम भागात मोरहाउस, स्पेलमन, क्लार्क अटलांटा ही कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली कॉलेजं शेजारी शेजारी आहेत. जनेल त्या परिसरात राहायच्या, नेट वंडर आणि चक लाइटनिंग मोरहाउसचे. म्हणजे पहिला श्रोता तिथला विद्यार्थी होता, जो विज्ञानकथाही वाचतो आणि चर्चमध्येही गातो. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला हा संच असाच उभा राहिला असता असं मला वाटत नाही.

खमाज यांच्या मुद्द्याला दुजोरा देणारी आणखी एक गोष्ट. २०१५ मध्ये वंडरलँड एपिक रेकॉर्ड्सबरोबर भागीदारीत स्वतः लेबल झालं आणि जिडेना, रोमन जियानआर्थर, सेंट ब्यूटी, डीप कॉटन अशा कलाकारांना एकत्र घेऊन एक अल्बम काढला. त्याच वर्षी या सगळ्यांनी मिळून 'हेल यू टॉमबाउट' केलं. फक्त ढोल, सामूहिक आवाज आणि पोलिसांच्या किंवा वंशद्वेषी हिंसेत मारल्या गेलेल्या माणसांची नावं. पुढे गायक डेव्हिड बर्न यांनी परवानगी घेऊन ते ब्रॉडवेवर गायलं. २०२१ मध्ये जनेलनी फक्त कृष्णवर्णीय स्त्रिया आणि मुलींची नावं घेऊन १७ मिनिटांचं नवं रूप केलं. हे गाणं रेडिओवर वाजणार नाही हे करणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. स्वतःचं लेबल असल्याशिवाय असं काम होत नाही.

कोरा_कागद

लेख आवडला, पण एक शंका मनापासून मांडतो. तारखा बघा. पॅनसेक्शुअल (कुठल्याही लिंगओळखीच्या माणसाकडे ओढ वाटणारं) असल्याची 'रोलिंग स्टोन' मासिकातली मुलाखत एप्रिल २०१८, 'डर्टी कॉम्प्युटर' अल्बम २७ एप्रिल २०१८. नॉन-बायनरी असल्याचं 'रेड टेबल टॉक' या कार्यक्रमात एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं, त्याच आठवड्यात त्यांचं कथांचं पुस्तक आलं. प्रत्येक कबुलीशेजारी विक्रीला काहीतरी आहे. मी त्यांच्या ओळखीवर संशय घेत नाही. पण प्रसिद्धीचं यंत्र या गोष्टींचा जसा वापर करतं, त्याबद्दल बोलायला नको का?

रातराणी

कोरा_कागद, "कबुली" हा शब्द टाळाल का? कबुली गुन्ह्याची देतात.

तारखांबद्दल माझी बाजू सांगते. २०१८ चा एप्रिल. आपल्याकडे ३७७ कलमावरचा निकाल तोवर लागलेला नव्हता, तो ६ सप्टेंबरला आला. मी तेव्हा नागपुरात, घरी कुणालाच माहीत नाही. 'मेक मी फील'चा व्हिडिओ मी हेडफोन लावून बघितला. एक क्लब, गुलाबी-जांभळा-निळा प्रकाश, एका बाजूला अभिनेत्री टेसा थॉम्पसन, दुसऱ्या बाजूला एक पुरुष, आणि जनेल दोघांच्या मध्ये धावत, सरकत, नाचत राहतात, कुणा एकाची निवड न करता. ते तीन रंग बायसेक्शुअल (स्त्री-पुरुष दोघांकडे ओढ असणाऱ्यांच्या) झेंड्याचे आहेत हे मला माहीत होतं. माझ्या घरात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. मला त्या क्षणी कुणीतरी माझ्याशी माझ्याच खुणेनं बोलल्यासारखं झालं. अल्बम विकायला काढला होता का? हो, आणि मी तो विकत घेतला. मला त्यात काही कमी झालेलं दिसत नाही. माझ्या शहरात माझ्यासाठी दुसरं काहीच विकायला नव्हतं.

खमाज

कोरा_कागद, शंका रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

गाणी आधीपासून बोलत होती. 'आर्चअँड्रॉइड'मधल्या 'मश्रूम्स अँड रोझेस'मध्ये आणि 'इलेक्ट्रिक लेडी'मधल्या 'क्वीन'मध्ये प्रेमाचं माणूस मेरी नावाची स्त्री आहे. 'क्वीन' हे गायिका एरिका बाडू यांच्याबरोबरचं गाणं. त्या गाण्याचं मूळ नाव 'क्विअर' होतं आणि मागच्या आवाजांत तो शब्द अजूनही ऐकू येतो, हे जनेलनी २०१८ च्या मुलाखतीतच सांगितलं. म्हणजे पाच वर्षं तो शब्द त्या गाण्यात सगळ्यांच्या कानांसमोर होता.

आता प्रसिद्धीचं यंत्र. ते वापर करतंच. पण इतकी वर्षं ते यंत्र त्यांना उलटं सांगू शकत होतं: फ्रॉक घाला, अँड्रॉइड सोडा, एखादं साधं प्रेमगीत द्या. २०१२ मध्ये 'फन' या बँडच्या 'वी आर यंग' गाण्यात त्यांचा आवाज होता आणि ते सहा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. त्या लाटेवर स्वार होऊन सोपी वाट धरता आली असती. त्यांनी पुढच्याच वर्षी पुन्हा सिंडीची गोष्ट काढली, तीही आणखी गुंतागुंतीची करून.

आणि घाबरल्या नव्हत्या असं नाही. कॅन्ससमधलं मोठं धार्मिक कुटुंब काय म्हणेल याची भीती त्यांनी मोकळेपणानं बोलून दाखवली आहे. 'रेड टेबल टॉक'मध्ये त्या म्हणाल्या त्याचा आशय असा, की मी स्वतःला फक्त स्त्री म्हणून बघत नाही, सगळी ऊर्जा माझ्यात आहे, आणि देव 'तो' किंवा 'ती' यापेक्षा फार मोठा आहे. बाप्टिस्ट घरात वाढलेल्या माणसानं देवाचं नाव घेऊनच हे सांगितलं. विक्रीसाठी केलेल्या गोष्टीत एवढं घरचं ओझं कुणी आणत नाही.

जुनी_तबकडी

जनेलच्या टक्सेडोमागे एक पूर्वज उभे आहेत, त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं: ग्लॅडिस बेंटली. जन्म १९०७, फिलाडेल्फिया. घर सोडून न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत आल्या. १३३ व्या रस्त्यावरच्या क्लॅम हाउसमध्ये पांढरा टक्सेडो आणि उंच टोपी घालून रात्रभर पियानो वाजवायच्या, खर्जातल्या आवाजात लोकप्रिय गाण्यांचे शब्द बदलून चावट करायच्या आणि समोर बसलेल्या बायकांशी गाण्यातूनच लगट करायच्या. मद्यबंदीच्या काळातलं हार्लेम त्यांना ऐकायला लोटायचं. बायकांवर प्रेम करतो हे त्यांनी कधीच झाकलं नाही.

मग मद्यबंदी उठली, हार्लेमचे ते क्लब ओसरले, त्या कॅलिफोर्नियाला गेल्या. पुढे सिनेटर मॅकार्थी यांच्या संशयमोहिमेचा काळ आला. समलैंगिक असल्याच्या संशयावर माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. १९५२ मध्ये 'एबनी' मासिकात त्यांनी लेख लिहिला: मी उपचार घेतले, मी पुन्हा स्त्री झालेय. सोबत फोटो, घरगुती कपड्यांत, अंथरूण घालताना. १९६० मध्ये त्या गेल्या.

हा लेख वाचताना मला फार त्रास होतो. त्यांच्यापाशी आवाज होता, बोटांत जादू होती, निर्भयपणा तर जनेलपेक्षाही जास्त असेल. पण ज्या क्लबात गायच्या तो दुसऱ्याचा, परवाना दुसऱ्याचा, तबकड्या काढणारी कंपनी दुसऱ्याची. हवा बदलली आणि त्यांच्या पाठीशी उभं राहणारं कुणी उरलं नाही. खमाज यांनी "आधी जागा, मग जाहीर बोलणं" हा जो क्रम मांडला, त्याचं महत्त्व मला बेंटलींच्या आयुष्यावरून कळतं.

कोल्हापुरी_साज

जुनी_तबकडी, वाचून आमच्या कोल्हापूरचे गणपत पाटील आठवले. तमाशापटांत नाच्याची भूमिका त्यांनी अशी वठवली की लोकांनी भूमिका आणि माणूस यांत फरकच ठेवला नाही. संसारी गृहस्थ. पडद्यावरच्या त्या हातवाऱ्यांपायी त्यांना आणि घरच्यांना आयुष्यभर टोमणे ऐकायला लागले. थिएटरात शिट्ट्या मारणारेच बाहेर आल्यावर नावं ठेवायचे. ते क्विअर होते असं मी म्हणत नाही. बाईसारखं चालणाऱ्या-बोलणाऱ्या पुरुषाला आपण रंगमंचापुरती मुभा देतो, एवढंच सांगायचंय.

खमाज

साज, अगदी बरोबर. प्रेक्षकाची परवानगी पडदा पडेपर्यंतच असते. जनेलनी तीच रेघ पुसायचा प्रयत्न केला, असं मला वाटतं. मुलाखतीतही सिंडी, विमानतळावरही टक्सेडो. पात्र उतरवून "आता मी तुमच्यासारखी" असं त्या म्हणालेल्या कुणाला दिसल्या नाहीत.

पडदा

सिनेमाची बाजू मी घेतो.

२०१६ च्या शेवटी काही आठवड्यांच्या अंतरानं दोन सिनेमे आले, 'मूनलाइट' आणि 'हिडन फिगर्स'. मोठ्या पडद्यावर प्रत्यक्ष अभिनयाची जनेलची ही सुरुवातच. बॅरी जेन्किन्स यांचा 'मूनलाइट' दीड मिलियन डॉलरच्या आसपास खर्चात मायामीत झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. त्यातली टेरेसाची भूमिका लहान आहे. शायरन हा बोलायला घाबरणारा मुलगा, घरी आई व्यसनात, आणि टेरेसा त्याला जेवायला वाढते, झोपायला जागा देते. जेवणाच्या टेबलाशी मुलगा विचारतो, लोक मला शिवी देतात तिचा अर्थ काय. उत्तर मुख्यतः टेरेसाचा जोडीदार हुआन देतो (अभिनेता महेरशाला अली). तुम्ही या वेळी जनेलकडे बघा. टेरेसा फार काही बोलत नाही, पण त्या मुलावरून तिची नजर हलत नाही. नंतर किशोरवयीन शायरन मान खाली घालून बसतो तेव्हा ती त्याला बजावते, या घरात असं बसायचं नाही, इथे प्रेमानं आणि ताठ मानेनं राहायचं. नृत्य-गायनात इतका वेग असलेल्या कलाकाराचा एवढा संथ अभिनय बघून मी थक्क झालो होतो.

'हिडन फिगर्स'मध्ये त्या मेरी जॅक्सन. खऱ्या मेरी जॅक्सन १९५८ मध्ये नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री अभियंता झाल्या. त्यासाठीचे वर्ग फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत भरायचे, तिथे बसायला त्यांनी हॅम्प्टन शहराकडून परवानगी मिळवली. आज वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्यालयाला त्यांचं नाव आहे. सिनेमात हा प्रसंग कोर्टात घडतो आणि जनेल तो गाण्याच्या लयीत बोलतात. आधी मंद, मग एकेक शब्दावर वजन. या सिनेमाच्या नटसंचाला स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला.

'अँटिबेलम' (२०२०) मला पटला नाही. कल्पना मोठी, पटकथा दुबळी, त्यात त्यांचं काम वाया गेलं.

आता 'ग्लास अनियन' (२०२२). ज्यांनी बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा. त्यात त्यांना तीन माणसं करायची आहेत: अँडी, तिची जुळी बहीण हेलन, आणि अँडी असल्याचं सोंग घेणारी हेलन. हेलन अलाबामामधली शाळाशिक्षिका, तिची बोली दक्षिणेकडची, चालणं साधं. सोंगात ती बोली दाबते, पाठ ताठ करते, पण भीती डोळ्यांतून डोकावते. दुसऱ्यांदा बघताना पहिल्या तासातलं प्रत्येक दृश्य बदलतं, कारण आता आपल्याला माहीत असतं की आत कोण आहे. नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूनं या कामासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री ठरवलं. पात्राच्या आत पात्र धरून ठेवायचं हे कसब त्यांनी सिंडी मेवेदरच्या वर्षांत कमावलं. खमाजचं "हे एकच काम आहे" मला या सिनेमामुळे पटलं.

आजीची_गोधडी

मी इथे फक्त वाचायला येते, आज लिहिते आहे. माझं मोठं नातवंड एकोणीस वर्षांचं आहे, कॅनडात शिकतं. मागच्या सुट्टीत घरी आलं तेव्हा त्यानं मला सांगितलं की ते नॉन-बायनरी आहे. मी जवळ घेतलं, पण मला फारसं कळलं नाही. त्याच्या खोलीत या कलाकाराचं चित्र लावलेलं आहे, काळ्या-पांढऱ्या कपड्यातलं. तुम्हा सगळ्यांचं वाचून आज पहिल्यांदा समजलं की ते कपडे आईवडिलांच्या कष्टांसाठी आहेत. मला इंग्रजी गाणी ऐकायची सवय नाही. सुरुवात कुठून करू?

रातराणी

आजी, जवळ घेतलंत तिथेच सगळ्यात मोठं काम झालं. एक सुचवू? आम्हाला विचारलंत तसंच नातवंडाला विचारा, "त्या चित्रातल्यांचं तुझं आवडतं गाणं लाव." माझ्या आजीनं मला असं विचारलं असतं तर मी दिवसभर बोलत बसले असते.

पदन्यास

आजी, 'टाइटरोप' बघा. भाषा लागणार नाही, पाय बघा.

खमाज

आजी, नमस्कार. पदन्यासनं सांगितलंय ते पहिलं. दुसरा 'हिडन फिगर्स' हा सिनेमा, घरातल्या सगळ्यांबरोबर बघता येतो आणि हिंदीत ऐकायला मिळाला तर आणखी सोपं. मग 'मूनलाइट', तो एकट्यानं किंवा नातवंडाबरोबर बघा, थोडा जड आहे.

'डर्टी कॉम्प्युटर'बरोबर त्याच नावाची पाऊण तासाची फिल्मही आहे. त्यात वेगळं वागणाऱ्या माणसांना 'मळलेले कॉम्प्युटर' म्हणतात आणि त्यांच्या आठवणी पुसून 'स्वच्छ' करतात. जेन नावाच्या पात्राच्या एकेक आठवणीतून एकेक गाणं येतं. जेनचा क्रमांक ५७८२१, म्हणजे सिंडीचाच. पण या वेळी ती अँड्रॉइड नाही, माणूस आहे. ही फिल्म विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचली होती. २०२२ चं पुस्तक याच जगातलं, त्यातली प्रत्येक गोष्ट एकेका सहलेखकाबरोबर लिहिली आहे. तिथेही संच आहेच.

गायक-गिटारवादक प्रिन्स यांनी २०१६ मधल्या निधनाआधी या अल्बमच्या ध्वनींवर जनेलबरोबर काम केलं होतं. 'मेक मी फील'मधली ती कोरडी गिटार आणि जिभेच्या टिचक्या ऐकल्या की कळतं. मंचावर पुरुष-बाई हा हिशेब मोडीत काढणाऱ्या आधीच्या पिढीनं पुढच्या पिढीला दिलेला हात आहे तो.

कोरा_कागद

रातराणी, शब्दाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पुढे वापरणार नाही. गेले काही दिवस सगळं क्रमानं ऐकलं. 'क्वीन'मधला मागचा आवाज ऐकू आला. तारखांचा माझा मुद्दा मी प्रसिद्धीयंत्रापुरता ठेवतो, कलाकारापुरता मागे घेतो.

पण 'द एज ऑफ प्लेझर' (२०२३) मला पातळ वाटला. जेमतेम अर्धा तास, गोष्ट नाही, सिंडी नाही, टक्सेडोही गेला. समुद्र, पोहण्याचा तलाव, उघडी शरीरं. तीन अल्बम ज्यानं विश्व रचलं त्यानं हे का करावं?

खमाज

कोरा_कागद, गोष्टीची भूक मलाही आहे आणि सलग ऐकायला मी आजही 'आर्चअँड्रॉइड'च लावते. तरी हा अल्बम मी कमी मानत नाही. सिंडीला पकडून तिचे भाग सुटे करणार होते, जेनच्या आठवणी पुसणार होते. इतकी वर्षं त्यांच्या कामात प्रेमाच्या मागे शिक्षा लागलेली होती. 'एज ऑफ प्लेझर'मध्ये पाठलाग करणारं कुणीच नाही. पार्टीत मित्रमंडळींना ऐकवून, त्यांचे पाय हलतात का ते बघून ही गाणी पक्की केली आहेत. आणि पाहुणे बघा: ग्रेस जोन्स, ज्यांनी १९८० च्या दशकात चौकोनी केस आणि पुरुषी कोट घालून अशीच वाट काढली होती, जमैकाच्या सिस्टर नॅन्सी, आणि शेउन कुटी त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे नायजेरियन संगीतकार फेला कुटींच्या, 'इजिप्त ८०' वाद्यवृंदासह. अटलांटाचा संच आता अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पसरलाय.

ग्रॅमीच्या सर्वोत्कृष्ट अल्बमसाठी 'डर्टी कॉम्प्युटर'प्रमाणे याचंही नामांकन झालं, दोन्ही वेळा पारितोषिक दुसऱ्यांना गेलं.

पदन्यास

'फ्लोट'मधले ते कुटींचे ब्रास ऐकून माझ्या विद्यार्थिनी आपोआप उभ्या राहिल्या. कोरा_कागद, हा अल्बम बसून ऐकलात का? उभं राहून ऐका आणि मग इथे लिहा.

कोरा_कागद

बसूनच ऐकला. आज रात्री उभा राहून ऐकतो.